ओळखतो, साहेब

कांजूरमार्ग (पूर्व)
२२ जानेवारी

सुबोध,

आधी 'प्रिय सुबोध' असं लिहिलं होतं. मग तुझा चेहरा डोळ्यांसमोर आला आणि तो कागद फाडला.

फोन तू उचलत नाहीस. व्हॉट्सॲपवर मला ब्लॉक केलंयस, हे दोन वर्षांपूर्वी गणपतीच्या शुभेच्छांना एकच बारीक टिक येऊन बसली तेव्हाच कळलं. टपालखात्यात ब्लॉक करायची सोय नाही, म्हणून पत्र. पोस्टमन कुडाळला तुझ्या ओटीवर आणून टाकेल. वाचायचं की चुलीत घालायचं ते तुझं तू ठरव.

काल पोटनिवडणुकीचं मतदान झालं. खासदार वारले तेव्हापासून इथे नुसता गोंधळ चालू होता, तो एकदाचा संपला. बूथ आपलाच, महापालिकेची शाळा, वर्ग चौथी ब. फळ्यावर अजून बेचा पाढा तसाच होता. पोलिंग एजंट म्हणून मी बसलो होतो, कुणाकडून ते तुला माहीत आहे, परत उगाळत नाही. जुन्या पक्षाकडून गावठाणातला ॲम्ब्रोज होता. तीस वर्षं खिडकीजवळच्या ज्या खुर्चीत मी बसलो, तिथे तो. मला आतली, पंखा न पोचणारी मिळाली.

एक कळवायचं होतं. तुझ्या आईचं, काकीचं, मत राहिलं. अकराच्या सुमाराला आली होती, काठी टेकत, शाळेच्या त्या अकरा पायऱ्या चढून. कार्ड घरी विसरली होती. यंदाचा केंद्राध्यक्ष कुठल्याशा कॉलेजातला, फार कडक माणूस. कार्डाशिवाय नाही म्हणाला. ती परत गेली, पुन्हा आली नाही. तब्येत ठणठणीत आहे, तेव्हा उगाच घाबरू नकोस. तुझ्या कानावर कुणीतरी तिखटमीठ लावून घालेलच, म्हणून मी आधी सांगतोय.

दुपारी तिचा डबा मात्र नेहमीसारखा आला. शेजारची सई मतदानाला आली तेव्हा घेऊन आली. तुझ्या बाबांचं नाव कोरलेला तोच तीनपुडी डबा. आंबोळ्या आणि काळ्या वाटाण्यांचं सांबारं. दर निवडणुकीला तेच असतं.

बाकी ठीक. तुझ्या वहिनीने, शर्मिष्ठाने, नमस्कार सांगितलाय.

नंदकिशोर

(तिने नमस्कार सांगितलेला नाही. ती कालपासून माझ्याशी बोलत नाही. पण पत्रात असं लिहायची पद्धत आहे.)


कांजूरमार्ग
२५ जानेवारी

सुबोध,

निकाल तू बघितला असशील. आम्ही आपटलो, आणि साधेसुधे नाही. टीव्हीवरचे विद्वान 'मतदारांनी धडा शिकवला', 'निष्ठेला कौल' वगैरे सांगत होते. त्यांना बोलायला काय जातं? मला इथे राहायचंय.

काल दुपारी दोनला चित्र स्पष्ट झालं आणि तीन नंबर इमारतीच्या खाली ढोल सुरू झाला. गुलाल एवढा, की माळ्यावरच्या कबुतरांचेही पंख लाल. जे लोक आठ दिवसांपूर्वी मला चहा पाजून 'नंदूकाका, तुमच्या शब्दाबाहेर नाही' म्हणत होते, ते सगळे खाली नाचत होते. मी खिडकीच्या पडद्याआडून बघत होतो. पडदा हलला तर कळेल म्हणून पंखासुद्धा बंद केला.

आपल्या बूथवर काय झालं ते कळलं का? जुन्या पक्षाला चारशे सत्तेचाळीस. आम्हाला अडतीस. अडतीस रे! माझ्या गटात मी तीस वर्षं गटप्रमुख. कुणाच्या घरी पोरगी झाली, कुणाचा रेशनकार्डाचा घोळ, कुणाला रक्त हवंय, सगळं मी बघितलं. आणि अडतीस. त्यातली निम्मी अनिरुद्धच्या नातेवाइकांची असतील.

अनिरुद्ध म्हणजे तोच आपला माजी नगरसेवक, ज्याच्या मागून मी तिकडे गेलो. काल त्याने फोनवर माझी अशी काही खरडपट्टी काढली, की मी फोन कानापासून लांब धरला. "सगळ्या वॉर्डात सगळ्यात वाईट बूथ तुझा! बाराला साठ-सत्तर मतं पडली होती, लोक घरी झोपले होते. मग दुपारी काय झालं?"

दुपारी काय झालं ते मला माहीत आहे. तेच लिहायला बसलोय.

आज सकाळी दूध आणायला शाखेवरून गेलो. शाखेबाहेरचा फळा आठवतो ना? वीस वर्षं त्यावर रोज मी लिहायचो. रक्तदान, पाणी कधी येणार, कुणाचं बारावं. माझं अक्षर चांगलं म्हणून. आज त्यावर रंगीत खडूने लिहिलंय, 'वर्ग चौथी ब मधील विक्रमी मतदानाबद्दल श्री. नंदकिशोर यांचे जाहीर आभार.' खाली फुलं काढलीत. चार माणसं उभी होती. कुणी हसलं नाही. एकजण म्हणाला, "काका, दूध घेतलंत का?" एवढंच. त्यापेक्षा शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

मागच्या पत्रात एक गोष्ट नीट लिहिली नव्हती. केंद्राध्यक्ष कडक होता हे खरं. पण काकीकडे कार्ड नाही म्हटल्यावर त्याने आम्हा दोन्ही एजंटांकडे बघितलं. तुला ठाऊक आहे, नियमात हे बसत नाही, पण आपल्या बूथवर इतकी वर्षं असंच चाललं. म्हातारी माणसं कार्ड आणत नाहीत. दोन्हीकडच्या एजंटांनी मान हलवून 'ओळखतो, साहेब' म्हटलं, की अधिकारी बोटाला शाई लावतो. काकीने जन्मात कधी कार्ड नेलं नाही. 'आत आपलो नंदू आसा,' म्हणायची, 'कार्ड कशाक?'

ॲम्ब्रोज लगेच म्हणाला, "ओळखतो, साहेब."

मी काही बोललो नाही.

असं झालं. अनिरुद्धने आदल्या दिवशी सांगितलं होतं, कार्ड नसलं तर कुणालाही सोडू नका, जुनी माणसं म्हणजे जुनी मतं. मी त्याचं ऐकलं. हे चुकलं.

नंदकिशोर


कांजूरमार्ग
३१ जानेवारी

सुबोध,

तुझं पोस्टकार्ड मिळालं. दोन वर्षांनी तुझं अक्षर बघितलं. एकच ओळ: 'आई फोनवर काही सांगत नाही, काय झालं ते खरं लिही.' खाली सहीसुद्धा नाही.

तर मग खरं.

मी गप्प बसलो नव्हतो. मी 'नाही' म्हणालो.

आणि अनिरुद्धच्या सांगण्यावरून नाही. मागच्या पत्रात त्याच्या गळ्यात घातलं, ते खोटं. त्या क्षणी अनिरुद्ध माझ्या डोक्यातसुद्धा नव्हता. सकाळपासून कार्ड नसलेल्या दोन म्हाताऱ्यांना मी मान हलवून सोडलं होतं. आपल्याच माणसांना कोण अडवणार?

काकी आत आली ती हसतच. नवी इरकली नेसली होती. तिने आधी खिडकीजवळच्या खुर्चीकडे बघितलं. तिथे ॲम्ब्रोज. मग मला शोधलं, माझ्या खिशावरचा बिल्ला बघितला, नवं चिन्ह बघितलं. सगळ्या खोलीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "नंदू, तू हय बसलंस? मगे आमचो मानूस खंय?"

आमचो मानूस. तीस वर्षं तो मी होतो, सुबोध.

रांगेतले दोघं हसले. तिने टोमणा मारला नव्हता. ती टोमणे मारत नाही, तुला माहीत आहे. तिला खरंच कळलं नव्हतं. पण माझ्या कानांपर्यंत रक्त चढलं. मग कारकुनाने कार्ड मागितलं. ती म्हणाली, "कार्ड कशाक? हो आसा मां. हेका इचारा, हो माका वळखता." आणि माझ्याकडे बोट केलं. ॲम्ब्रोजकडे नाही. माझ्याकडे.

केंद्राध्यक्षाने विचारलं, "ओळखता का यांना?"

मी म्हणालो, "नाही, साहेब. कार्ड बघा."

तिने मागे वळून बघितलं. मी दुसऱ्या कुणाबद्दल बोलतोय असं वाटलं असावं. मागे कुणी नव्हतं. पुन्हा माझ्याकडे बघितलं. ॲम्ब्रोज उभाच राहिला, "नंदू, काय बोलतो रे तू? डोकं फिरलं काय? साहेब, मी ओळखतो, अख्खं कांजूर ओळखतं!" केंद्राध्यक्ष म्हणाला, एकाची हरकत आहे, कार्ड आणा, मग बघू. आणि काकी काय म्हणाली माहिती आहे? "ऱ्हवांदे, ॲम्ब्रोज. चूक माझीच. कार्ड घराक ऱ्हवला." माझ्यावर कुणी ओरडू नये म्हणून. मग काठी घेऊन त्या अकरा पायऱ्या उतरून गेली. घरी विचारणाऱ्या सगळ्यांना तिने 'कार्ड विसरलंय' एवढंच सांगितलं. रांगेतल्या लोकांना कान होते म्हणून बातमी फुटली. तिच्या तोंडून आजपर्यंत माझं नाव गेलेलं नाही.

माझा बाप गेला तेव्हा मी सातवीत होतो. आई औषधाच्या कंपनीत पॅकिंगला जायची, संध्याकाळी सातला यायची. शाळेतून आल्यावर माझं ताट कुठे असायचं ते तुला सांगायला नको. तुझ्या ताटाशेजारीच असायचं. आणि मी तिला ओळखत नाही.

मग दीडला डबा आला. सईने माझ्यासमोर आदळला. "आजीने दिलाय. मी नको म्हणत होते." मला वाटलं, रिकामा असेल. उघडला तर आंबोळ्या, सांबारं, आणि वरच्या पुडीत दोन जास्तीच्या, ॲम्ब्रोजसाठी. ॲम्ब्रोजने हात लावला नाही, भिंतीकडे तोंड करून बिस्किटं खाल्ली.

मी खाल्लं. हे कुणाला सांगितलेलं नाही. मी सगळं खाल्लं, त्याच्या दोन आंबोळ्यासुद्धा. भूक लागली होती. रडत वगैरे खाल्लं असं लिहिलं असतं तर तुला बरं वाटलं असतं, पण तसं काही झालं नाही. चांगलं झालं होतं सांबारं. लाज नंतर वाटली, पोट भरल्यावर.

दोनपासून बायका यायला लागल्या. आधी तीन नंबरच्या, मग चार नंबरच्या, मग गावठाणातल्या. पोटनिवडणुकीला कुत्रंसुद्धा फिरकत नाही, आणि इथे शाळेच्या फाटकापर्यंत रांग. आत आलेली प्रत्येकजण कारकुनाकडे न जाता आधी माझ्यासमोर यायची, कार्ड माझ्या नाकासमोर धरायची. "बघा काका, मीच ना? फोटो जुळतो ना?" काहीजणी हसत, काहीजणी नुसत्याच डोळ्यांत बघत. केंद्राध्यक्ष दोनदा ओरडला, नंतर त्यानेही नाद सोडला. सहा वाजेपर्यंत मी मान खाली घालून 'हो', 'हो', 'हो' म्हणत होतो.

सव्वापाचला शर्मिष्ठा आली. मला वाटलं, ही तरी सरळ जाईल. ती माझ्यासमोर उभी राहिली आणि पर्समधून कार्ड काढून समोर धरलं. काही विचारलं नाही. मी 'हो' म्हणालो. अडतीसमध्ये तिचं मत नाही, एवढं मला नक्की माहीत आहे.

टीव्हीवाले सांगोत काय सांगायचं ते. पक्षफुटी, सहानुभूती, निष्ठा. आमच्या बूथवर या शब्दांना कुणी विचारलं नाही. लोक झोपले होते, त्यांना मी उठवलं.

आणि मी तिकडे गेलो कशासाठी? तू मला चारचौघांत 'विकला गेलास' म्हणालास, तेवढं मात्र खरं नव्हतं. एक रुपया घेतला नाही. नव्या पक्षाने मला उपविभागप्रमुख केलं, लेटरहेडवर नाव छापलं. जुन्यात तीस वर्षं गटप्रमुखच राहिलो होतो, दर वेळी कुणाचा तरी भाचा पुढे जायचा. लेटरहेडचे शंभर कागद मिळाले. त्यातले सत्त्याण्णव अजून कपाटात आहेत. हे पत्र त्यावर लिहावं असं मनात आलं होतं, कागद वाया जाऊ नये म्हणून. नाही लिहिलं.

सव्वीस जानेवारीला झेंड्याची दोरी दर वर्षी मी बांधतो. यंदा मला कुणी बोलावलं नाही. बायकांनी काकीच्या हातून झेंडा लावला. मी वरून बघितलं. गाठ चुकीची मारली होती, फुलं पडायला वेळ लागला.

डबा अजून माझ्याकडे आहे. घासून ठेवलाय. तो रिकामा परत करायचा नाही, ही तुझ्या आईचीच शिकवण. दर वेळी शर्मिष्ठा त्यात काहीतरी घालून पाठवायची. यंदा तिला विचारलं, तर म्हणाली, "खाल्लात तुम्ही. भरा पण तुम्हीच."

भरून घेऊन जाणार आहे. काय बोलायचं ते अजून सुचलेलं नाही. ती दार लावून घेईल याची भीती नाही वाटत. ती दार उघडेल, याची वाटते.

नंदू


कांजूरमार्ग
९ फेब्रुवारी

सुबोध,

तुझं उत्तर नाही. अपेक्षाही नव्हती. हे शेवटचं लिहितो, मग त्रास देणार नाही.

आधी गंमत सांगतो. नाक्यावरचा अनिरुद्धचा बॅनर बदलला. नव्या पक्षाचे नेते गेले, आता नुसता तो आणि 'जनतेचा सेवक'. वरची जागा मोकळी ठेवलीय, जुने साहेब परत घेतील तेव्हा त्यांचा फोटो चिकटवायला. परवा मला भेटून म्हणाला, "नंदू, लोकांचा कल ओळखायचा असतो रे. आपण परत जातोय. तुझं पद कायम राहील, शब्द देतो." मी म्हटलं, तुम्ही जा. तो म्हणाला, मग तू कुठे राहणार? मी म्हटलं, दोन नंबर इमारत, खोली नऊ. त्याला वाटलं मी विनोद केला.

आता डब्याचं. नारळाच्या वड्या करायला घेतल्या. आयुष्यात पहिल्यांदा. शर्मिष्ठा दारात उभी राहून बघत होती. पाक चुकला. वड्या पडल्याच नाहीत, नुसता गोड भुगा. तोच डब्यात भरला आणि काल सकाळी दहाला गेलो. मुद्दाम त्या वेळेला गेलो, कारण तेव्हा तीन नंबरच्या गॅलरीत सगळी दारं उघडी असतात. सगळ्यांनी बघायला हवं होतं.

बघितलंच. सई केस विंचरत होती, हात तिथेच थांबला. पलीकडच्या दारातून कुकरच्या शिट्ट्यांवर कुणाचं तरी "आला बघ" ऐकू आलं.

काकी खुर्चीत बसून मेथी निवडत होती. मला बघितलं. मी म्हटलं, "काकी, डबा आणलाय."

म्हणाली, "थांब वाईच."

मेथी बाजूला ठेवली. उठली. कमरेची कापडी पिशवी सोडली, आतून प्लास्टिकच्या कव्हरातलं कार्ड काढलं आणि माझ्यासमोर धरलं. दोन्ही हातांनी.

सुबोध, त्या दिवशी दोन-अडीचशे बायकांनी माझ्यासमोर कार्ड धरलं होतं. त्या मला लाजवायला आल्या होत्या, आणि मी ते सोसलं. ही लाजवत नव्हती. ही खरंच दाखवत होती.

"काकी, हे काय?"

"बघ. फोटो जुनो हा, पन मीच ती."

डबा खाली ठेवला. काय बोलायचं ते ठरवून गेलो होतो, पाठ केलं होतं, त्यातलं एक अक्षर आठवलं नाही. तोंडातून निघालं ते तीस वर्षांच्या सवयीचं. गॅलरीभर ऐकू गेलं असेल. "रुक्मिणी चंद्रप्रकाश परब. इमारत तीन, खोली सोळा. ओळखतो, साहेब."

पलीकडच्या दारातला कुकर कुणीतरी बंद केला.

काकी माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "आता खंयचो सायब? मशीन कदीच गेली." आणि कार्ड परत पिशवीत घातलं, गाठ मारली, दोनदा ओढून बघितली. मी रडत होतो. तिने मला तसंच रडू दिलं. डबा उघडला, भुगा बघितला, चिमूटभर तोंडात टाकला. "पाक कच्चो ऱ्हवलो," म्हणाली. वाटीत काढून घेतला, डबा धुतला, ओट्यावर पालथा घातला. बस म्हणाली नाही. जा पण म्हणाली नाही. मी उंबऱ्याबाहेर उभा होतो, तसाच राहिलो, तिची मेथी निवडून होईपर्यंत. मग उतरलो.

खाली सई मागून आली. तिने सांगितलं ते तुला कळायला हवं, म्हणून हे पत्र. मतदानाच्या दुसऱ्या दिवसापासून काकी ते कार्ड कमरेला बांधून फिरते. देवळात जाताना, दवाखान्यात जाताना, खाली दूध आणायला जातानासुद्धा. दूधवाल्याला पहिल्या दिवशी काढून दाखवलं. तो बिचारा चाळीस वर्षं तिला दूध देतोय, गोंधळून गेला.

मी परत वर गेलो. म्हटलं, काकी, माझ्यावर काय राग काढायचा तो काढ, पण दुधाला जाताना कार्ड नको नेऊस. या गल्लीत तुला कोण ओळखत नाही?

तिला राग नव्हता रे. मुलाला समजावतात तशी म्हणाली, "असा कसा? तूच सांगलंस मां, कार्ड होया म्हणान."

तू ये, सुबोध. तिला तू सांग. माझ्या तोंडून ते आता निघत नाही.

नंदू